ओदीलचा नवरा मोर्च्यात येतो

ओदील शाब्रिया म्हणजे आमच्या गावची मोर्चेवाली. शाळेतला वर्ग कमी होवो, टपाल कचेरी बंद पडो, पेन्शनचं वय वाढो, ही गळ्यात लाल मफलर टाकून रस्त्यावर. आवाज असा की कुरणातल्या गाईंनी माना वर कराव्यात. आणि नवरा, आँसेल्म, पोलिसात! मोर्च्याच्या दिवशी ती रस्त्याच्या मधोमध आणि तो कडेला हेल्मेट घालून, जणू या बाईला ओळखतच नाही. संध्याकाळी दोघं एकाच टेबलावर मुकाट्याने सूप प्यायची. एकदा तरी या माणसानं माझ्या बाजूनं चालावं, एवढंच तिला वाटायचं. पण सांगेल कशाला? अहंकार आवाजाइतकाच दणदणीत.

तो निवृत्त झाला आणि सरकारनं त्याची चौकीच बंद करायची ठरवली. आँसेल्मचं अन्नावरचं मन उडालं. एका सकाळी कॉफी ढवळत तो म्हणाला, "ओदील, मोर्च्यात नक्की करायचं काय असतं?"

"चालायचं आणि ओरडायचं. घरात रोज करतोस की."

शनिवारी चौकी वाचवायला चौकात सगळे जमले. सॉसेजची शेगडी पेटली. तिक्सिए मास्तरांनी जन्मभर लॅटिन शिकवलेलं. चार माणसं एकत्र दिसली की त्यांना वर्ग भरल्यासारखा वाटतो.

"मोर्च्याला आपण फ्रेंचमध्ये मानिफेस्तासिओं म्हणतो ना," ते सुरू झाले, "त्यातला 'मानुस' म्हणजे हात. शब्दाच्या पुढच्या तुकड्यावरून पंडितांची अजून जुंपलेली आहे. पण रोमन लोक मुद्देमालासकट सापडलेल्या चोराला हा शब्द लावायचे. मग जे जे उघड दिसतं त्याला लावू लागले. पुढे चर्चमध्ये देव प्रकट झाला तोही यातच, आणि शेवटी रस्त्यावर आपण."

"म्हणजे मूळचा आमच्या खात्याचा शब्द," आँसेल्म म्हणाला. "तुम्ही लोकांनी ढापलात."

"आणि माझी नात पॅरिसमध्ये घर मिळावं म्हणून डोळे मिटून ते मनात आणत बसते, त्यालाही हल्ली हेच म्हणतात," मास्तर म्हणाले.

"घरबसल्या?" ओदील कडाडली. "मग पायाला फोड कुणाच्या येणार?"

मोर्चा निघाला आणि आँसेल्म सवयीनं कडेला जाऊन, हात मागे बांधून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. सगळे खो खो हसले. ओदीलनं कपाळावर हात मारला. "अरे, तोंड पुढे कर! आज तू आमच्यात आहेस!"

पुलापाशी एक तरुण पोलीस आडवा आला. आँसेल्मनंच घडवलेला पोरगा. "साहेब, इथून पुढे परवानगी नाही."

नियम म्हणजे आँसेल्मचा जीव की प्राण. तो जागच्या जागी थांबला. ओदील त्याच्या तोंडाकडे बघू लागली. तेवढ्यात आँसेल्मच्या तोंडून कवायतीच्या मैदानावरची आरोळी सुटली, "वाट मोकळी करा!" पोरगा टाचा जुळवून बाजूला झाला. मोर्चा पुलावर घुसला. आँसेल्म घामाघूम होऊन बायकोला म्हणाला, "आता मला आत टाकतील ना गं?"

त्याला कुणी आत टाकलं नाही. पण चौकी मात्र बंद झालीच. ओदीलला वाटलं, संपलं, याचं काम होतं तेवढ्यापुरतं आला. तिला फार वाईट वाटलं.

पुढच्या महिन्यात बाळंतपणाचा दवाखाना वाचवायचा मोर्चा होता. ती मफलर गुंडाळून खाली आली, तर आँसेल्म बूट घालून दाराशी उभा.

"तुझं काय तिथं? तुला मूल होणार आहे का?"

"नाही," आँसेल्म म्हणाला. "पण तू एकटी कशाला जातेस?"