बगळ्याची चाल

मेहरूण तलावावर एक म्हातारे गृहस्थ मला रोज सकाळी दिसत; सगळे त्यांना आबा म्हणत. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा पाय ओढला जाई. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या मित्रांपर्यंत काठीशिवाय चालत जायचे, एवढाच त्यांचा हट्ट होता. त्यासाठी ते काठावर उभे राहून बगळा बघत. मासा टिपायला निघालेला बगळा पुढचा पाय चिखलात नीट टेकल्याशिवाय मागचा उचलत नसे. आबाही तसेच पाऊल टाकून बघत.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तोही प्राणिशास्त्राला. एकदा उत्साहाने म्हणालो, "आबा, मागे वाकतो तो त्याचा गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा पिसांत झाकलेला असतो."

"मना बी धोतरमाच शे!" धोतरात झाकलेल्या गुडघ्यावर थाप मारत आबा हसले.

एके दिवशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "धर. बगयाले काठी लागस का?"

डावा पाय टेकला, स्थिरावला, मग उजवा उचलला. टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. एकाने पुढे केलेला हात बाजूला सारून आबा स्वतःच बाकावर बसले आणि सगळ्यांकडे हात फिरवत ओरडले, "चहा आन रे, बठ्ठासले!"

काठी खांद्यावर घेऊन मी मागून येत होतो. पदवी मिळाली त्या दिवशीही माझी छाती इतकी फुगली नव्हती.