नवसीचं मुकं औषध
माकुणसारची झाडपाल्याचं औषध देणारी नवसी साप आडवा आला तर त्यालाच बाजूला हो म्हणायची. अशी बाई त्या आश्विनात झोपडीमागं लाकडांच्या ढिगाआड दडून बसली होती. दारात दातिवऱ्याचा रामा ओरडत होता, "नवसे, भायेर ये! माज्या आयला काय दिलंस?"

दिलं होतं औषध. रामाची आई येसूबाई सुकट विकायची आणि टोपलीसोबत गावभरच्या सुनांच्या भानगडीही दारोदार पोचवायची. गुडघे सुजून ती घरी बसली, तेव्हा बऱ्याच सुनांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आदल्या दिवशी नवसीनं घाईघाईत तिला पानात बांधून एक कंद दिला.

नवसीची रीत सासूकडून आलेली. कंद उपटताना बोलायचं नाही, देताना बोलायचं नाही, झाडाचं नाव तर कुणापुढंच काढायचं नाही. काढलं की हाताचा गुण गेला. एरवी ती स्वतःच उगाळून लेप लावी, म्हणून बोलायची वेळच येत नसे. त्या दिवशी भात कापायचं राहिलं होतं. तिनं गुडघ्याकडं बोट दाखवलं आणि निघाली.

येसूबाईचा हिशोब वेगळा. लेपाला आठ दिवस लागतात, मग पोटातच घेतलं तर? तिनं कंद वाटला, गुळाच्या पाण्यात कालवला आणि प्याली.

आता ती नवसीच्या दारात बैलगाडीत आडवी होती. ओकून ओकून डोळे खोल गेलेले, तरी तोंड चालूच. "बये, कडू हाय ते तरी सांगायचंस!"

"प्यालीस?" नवसी ढिगाआडून धावत बाहेर आली.

"आयला काय झालं, तर तुजं झोपडं जाग्यावर र्‍हानार नाय," रामा म्हणाला आणि तिला गाडीत बसवून सफाळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. "शिळं म्हावरं खाल्लं असेल. औषध देतो. उलट्या थांबल्या की घरी न्या."

नवसीच्या डोळ्यांपुढं शेजारच्या बुधाची शेळी आली. तिनं तोच कंद उकरून खाल्ला होता. पहिला दिवस हगवण. दुसऱ्या दिवशी उठून चरायला लागली, बुधा हसलाही. तिसऱ्या दिवशी पाय ताणून पडली.

बोललं तर हाताचा गुण गेला, न बोललं तर येसूबाई.

"कळलावी," ती पुटपुटली. मग मोठ्यानं, "कळलावीचा कंद हाय तो! उलट्या थांबल्यावरच मारतो!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. "यात कोल्चिसिन असतं," ते रामाला म्हणाले. "सांधेदुखीला ते कणभर देतात. जरा जास्त झालं की विष. आता दहा दिवस हलवायचं नाही."

तिसऱ्या दिवशी येसूबाईची शुद्ध हरपली. नवसी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. आत भांडं वाजलं तरी दचकायची. पाचव्या दिवशी आतून क्षीण आवाज आला, "ती भवानी अजून भायेरच हाय का? तिला चहा द्या."

येसूबाई वाचली. पुढं तिचे केस मुठीमुठीनं गळले. ती पदर कपाळापर्यंत ओढून हिंडायची आणि सुनांनी हसायची संधी सोडली नाही.

केस बोटभर परत आले, तेव्हा तिनं नवसीला बोलावून गुडघा पुढं केला. "लाव. मी तोंड मिटून बसते."

नवसीनं आधी कंदाचं नाव घेतलं, मोठ्यानं, तीनदा. मग लेप लावला. उरलेला कंद मात्र तिनं मुठीत घट्ट धरला आणि तसाच घरी नेला.