कापडाखालचा डाव

रश्तच्या कापडबाजारात कूशियार लंगरूदीचं दुकान कुणालाही विचारा. हात लांब करून दाखवतील आणि वर एक टोमणाही फुकटात देतील, "पंधराव्या चालीपर्यंत ग्रँडमास्टर, सोळाव्यापासून कापडवाला."

टोमणा खोटा नव्हता, हीच खरी पंचाईत. डावाच्या सुरुवातीच्या चालींमध्ये कूशियारचा हात धरणारा उभ्या इराणात कोणी नव्हता. तेहरानचे मोठमोठे खेळाडू स्पर्धेआधी त्याला फोन करायचे. "उस्ताद, अमका माझ्याविरुद्ध फ्रेंच बचाव खेळेल असं दिसतंय, काय करू?" उस्ताद एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हातात कात्री धरून, पडद्याचं कापड फाडता फाडता वीस वीस चाली तोंडपाठ सांगायचा. ते लोक जिंकायचे, परदेशी जायचे, ग्रँडमास्टर व्हायचे. कूशियार मात्र चाळिशी ओलांडली तरी होता तिथंच होता. सुंदर सुरुवात करायची, पटावर राज्य करायचं आणि मग दुपार कलता कलता सगळं हातचं घालवून घरी यायचं, हा त्याचा शिरस्ता झाला होता.

हे असं का, ते त्याच्या याह्यामामाला ठाऊक होतं. दुकान मुळात मामाचं. क्रांतीनंतर ज्या वर्षांत इराणात बुद्धिबळावर बंदी होती, त्या वर्षांत सोळा-सतरा वर्षांचा कूशियार आणि मामा दुकानाच्या मागच्या अंगाला, गठ्ठ्यांच्या आड पट मांडून बसत. दाराला पितळेची घंटा टांगलेली होती. ती वाजली, की मामा हाताशी ठेवलेलं फुलाफुलांचं चीट पटावर पसरायचा आणि "या, बसा, काय दाखवू?" म्हणत पुढं व्हायचा. गिऱ्हाईक गेल्यावर चीट उचलावं तर घोडे आडवे, वजीर जमिनीवर. मग पुन्हा पहिल्यापासून. बाजारातलं दुकान, घंटा काय, सारखीच वाजायची. मामा-भाच्यांनी त्या वर्षांत शेकड्यांनी डाव सुरू केले आणि एकही संपवला नाही.

बंदी उठली तेव्हा कूशियार पंचविशीत होता. सुरुवाती त्याच्या हाडीमाशी भिनल्या होत्या. शेवट कसा करतात ते त्याला पुस्तकातून शिकावं लागलं, आणि पुस्तकी पोहणं पाण्यात कितपत चालतं ते आपण जाणतोच.

त्यात आणखी एक खोट होती, आणि ती आम्हा सगळ्यांचीच आहे म्हणा. तआरुफ. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा "नको नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "अहो कशाला" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हात पुढं करायचा. आपण देताना "तुमचंच आहे, घेऊन जा" म्हणायचं आणि समोरचा नेणार नाही असा भरवसा ठेवायचा. बाकीचे हे जिभेनं करतात. कूशियार जिवानं करायचा. त्याची बायको फरंगीस शाळेत भूगोल शिकवते. तिच्या घरी तो मागणी घालायला गेला तेव्हा तिचे वडील रिवाजाप्रमाणे म्हणाले, "पोरगी अजून लहान आहे हो, तुमच्या घराण्याला कुठली शोभायची!" हा पठ्ठ्या सलाम करून परत आला आणि पुढच्या आग्रहाची वाट पाहत बसला. महिना गेला. शेवटी फरंगीसनंच भावाला दुकानात पाठवलं. "विचार त्या कापडवाल्याला, दुसऱ्यांदा येणार आहे की मी दुसरीकडे बघू?"

घोड्याची गोष्ट तर बाजारात सगळ्यांना माहीत आहे. फ्रेंच बचावात पुढं गेलेला घोडा परत त्याच्या पहिल्या घरात आणून ठेवायची एक चाल कूशियारनं शोधली होती. बघणाऱ्याला वेडेपणा वाटावा, पण दहा चालींनंतर समोरच्याचा श्वास कोंडावा अशी ती चाल. तेहरानहून आलेल्या एका पाहुण्यानं ती पाहिली आणि म्हणाला, "वा, काय चाल आहे!" कूशियार छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुमचीच आहे." पाहुण्यानं खरंच नेली. पुढच्या महिन्यात ती त्या पाहुण्याच्या नावानं मासिकात छापून आली. फरंगीस तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "उद्या कुणी माझी तारीफ केली, तर मला पण देऊन टाकशील."

त्या वर्षी वसंतात रश्तमध्येच, तळ्याकाठच्या हॉटेलात, मोठी स्पर्धा भरली. ग्रँडमास्टर पदवीसाठी तीन स्पर्धांत ठरावीक कामगिरी लागते. कूशियारच्या दोन जुन्या जमेस होत्या, आणि या तिसरीसाठी शेवटच्या फेरीत अर्धा गुण, म्हणजे नुसती बरोबरी, पुरेशी होती. याह्यामामा ऐंशीला टेकला होता, पायांनी अधू. त्या फेरीच्या सकाळी कूशियार दुकानात त्याचा आशीर्वाद घ्यायला गेला तेव्हा मामा म्हणाला, "आता माझ्याच्यानं फार थांबवणार नाही, बाबा. यंदा काय ते उरकून टाक."

"बरोबरी पुरे आहे, मामा."

"मग आणतोस ना? का तिथंही कुणाला देऊन येतोस?"

फेरीत समोर होता बरसाम. चोविशीतला पोरगा, आईबाप रश्तचे, पण हा जन्मला-वाढला स्वीडनमध्ये. आठवडाभर मावशीकडे उतरला होता आणि मावशीनं समोर ठेवलेलं पहिल्याच वेळी "हो, आण" म्हणून संपवत होता. मावशी हौसेनं सगळ्या गल्लीला सांगायची, "पोर खातं हो भरपूर, पण लाज म्हणून नाही!"

डाव सुरू झाला. बरसामनं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं, कूशियारनं फ्रेंच बचाव घेतला, आणि बाराव्या चालीला त्यानं तो घोडा उचलून शांतपणे त्याच्या पहिल्या घरात परत नेऊन ठेवला. आपलीच चाल, पण लोक ती दुसऱ्याच्या नावानं ओळखत होते. बरसामनं कपाळाला हात लावला. चार चालींत त्याचे उंट अडकले, हत्ती जागचे हलेनात. पोरगा हुशार होता. सोळावी चाल करून, घड्याळ दाबण्याआधी, तो मोडक्यातोडक्या फारसीत म्हणाला, "उस्ताद, बरोबरी?"

हेच तर हवं होतं! पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोरून चालत आलं होतं. हात पुढं करायचा, संपलं. कूशियारचा चेहरा फुलला, आणि छातीवर हात ठेवून तो झुकून म्हणाला, "छे छे, असं कसं! खेळा ना तुम्ही, खेळा."

बरसामनं मान डोलावली, घड्याळ दाबलं.

कूशियार दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसला. पोरगा पटाकडे बघत होता. कूशियार हसला, जरा पुढं वाकला, "विचार की आता" असं सगळं चेहऱ्यावर आणून पाहिलं. पोरानं वरसुद्धा बघितलं नाही. आणि मग कूशियारच्या ध्यानात आलं. हा विचारणार नाही! बुद्धिबळात नकार म्हणजे नकार, आणि स्वीडनमध्येही नकार म्हणजे नकार. समोरच्या भिंतीपाशी फरंगीस उभी होती. नवरा काय बोलला ते तिनं त्याच्या ओठांवरून ओळखलं असावं, कारण तिनं डोळे मिटून कपाळ भिंतीला टेकवलं.

आता स्वतः मागायची? इतक्यात नकार देऊन लगेच मागायची, म्हणजे तोंड कुठं लपवायचं? लाजेनं त्याचे कान तापले. त्या तापल्या डोक्यानं त्यानं एक चाल केली, मग दुसरी, आणि दोन्ही वाईट होत्या. अडकलेले उंट मोकळे झाले. वजीर मारले गेले. तासाभरानं पटावर उरले ते दोघांचे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी, आणि त्यात कूशियारचं एक प्यादं कमी. म्हणजे नेमका तोच प्रदेश, जिथं तो आजवर बुडत आला होता.

चहा घेऊन येणारी बाई दर थोड्या वेळानं दालनाचं दार ढकलून आत यायची. दार कुरकुरलं, की कूशियारची मान तिकडं वळायची. एकदा वळली, दोनदा वळली. तिसऱ्यांदा वळली तेव्हा त्याचं स्वतःच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. हात टेबलाच्या कडेवरून काहीतरी चाचपत होता. काय शोधतोय हा? आणि त्याला एकदम कळलं. हात कापड शोधत होता. ते फुलाफुलांचं चीट.

म्हणजे इतकी वर्षं, दर डावात, सोळावी चाल आली की आपण पट बघतच नव्हतो. आपण दार ऐकत होतो. अर्धा जीव दाराशी, तो डाव काय डोंबलाचा जिंकणार? त्याला स्वतःची दया आली आणि थोडं हसूही आलं. कोण येणार होतं आता? चहावाली येणार होती. त्यानं हात उचलून मांडीवर ठेवला, आणि चहावाली पुन्हा आली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "इथंच ठेव, बाई."

मग तो खेळला. डाव्या बाजूची प्यादी त्यानं खुशाल जाऊ दिली, हत्ती मागून आणला, राजा घराबाहेर काढून मैदानात चालवत नेला. पुस्तकातलं जे वर्षानुवर्षं वाचून बोटांत उतरत नव्हतं, ते उतरायला लागलं. एकेक करून गमावलेलं त्यानं वसूल केलं. बरसामचा पाय टेबलाखाली थडथड उडत होता, त्याच्या घड्याळात फार वेळ उरला नव्हता. आता जरासं पारडं कूशियारकडेच झुकलं होतं. आणखी ओढलं असतं तर जिंकलाही असता, कोण जाणे.

पण त्याला जिंकायचं नव्हतं. त्याला जे हवं होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं हत्ती एक घर सरकवला. उभ्या जन्मात त्यानं कुणाकडे काही सरळ मागितलं नव्हतं, बायकोसुद्धा नाही.

"बरोबरी," तो म्हणाला.

बरसामनं संशयानं वर पाहिलं. आठवडाभर मावशीनं त्याला एवढं तरी शिकवलंच होतं, की इथं लोक बोलतात एक आणि मनात असतं दुसरं. "खरंच म्हणताय, उस्ताद? की नुसतं बोलायचं म्हणून?"

"बोलायचं म्हणून नाही, बाबा. मला हवी आहे. आत्ताच हवी आहे."

पोरानं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. त्यानं हात पुढं केला. कूशियारनं तो पहिल्याच वेळी धरला, आणि दोन्ही हातांनी धरला.

मग काय, दालनाबाहेर एकच गलका. पंच मिठाईचं तबक घेऊन आले. बरसाम अजून गोंधळलेलाच होता. "पण उस्ताद, मी विचारलं तेव्हा का नको म्हणालात? मला वाटलं तुम्हाला काहीतरी भयंकर दिसतंय. भीतीनं माझं पाणी पाणी झालं!"

"तू पुन्हा विचारायचं होतंस."

"पुन्हा? पुन्हा पुन्हा विचारणं तर नियमात बसत नाही!"

"घरच्या नियमात बसतं रे." कूशियारच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. बरसामच्या मावशीनं भाच्याच्या पाठीत एक धपाटा घातला. फरंगीस पुढं आली. काहीतरी झणझणीत बोलायचं तिनं ठरवलं होतं, पण तिला ते जमलं नाही. तिनं नवऱ्याची वाकडी झालेली कॉलर सारखी केली आणि आपल्या या पदवीवाल्या माणसाला म्हणाली, "मिठाई घे." त्यानं तबकातून दोन तुकडे उचलले. नको नको केलं नाही. पंचांना अवघडल्यासारखं झालं, पण फरंगीस मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला. याह्यामामाला बातमी आदल्या संध्याकाळीच कळली होती, तरी त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. नकाराच्या ठिकाणी येऊन मामानं स्वतःच्या डोक्यावर थापट मारून घेतली. "गाढवा! माझाच भाचा शोभतोस." मग शेगडीजवळची खुर्ची सरकवत म्हणाला, "मांड. गठ्ठ्यांच्या आड नको, या पुढच्या फळीवरच मांड. एक तरी पुरा करू."

त्यांनी डाव मांडला. मामाचे हात कापत होते, चाली सावकाश पडत होत्या. उंट निघाले, घोडे निघाले, वजीर मारले गेले. पटावर जागा मोकळी होत गेली. मामा कौतुकानं म्हणाला, "एवढा रिकामा पट मी आजवर बघितलाच नव्हता रे."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मामाचा हात आपसूक शेजारच्या चिटाकडे गेला आणि त्यानं ते अर्धं उचललंसुद्धा. कूशियारनं त्याचा हात हळूच धरला आणि कापड काढून घेतलं.

"राहू दे, मामा. गिऱ्हाईक आहे."

दारात एक बाई लेकीला घेऊन उभी होती. तिला पडद्याचं कापड हवं होतं.

"बसा, ताई," कूशियार म्हणाला, "मामांची चाल आहे. तेवढी होऊ द्या."