आईच्या पचडीसाठी ग्राइंडर शोधत कार्डिफपर्यंत

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला विळीवर बसता येत नाही, आणि दुकानातल्या सुरीने चिरलेला कोबी तिला कोबी वाटत नाही. "गवत कापलंय नुसतं!" घरातली पचडी बंद. म्हणून मीच सुरी बनवायला घेतली. पहिलं पातं गॅरेजमधल्या स्वस्त दगडी चाकाच्या ग्राइंडरवर निळं पडलं. म्हणजे पोलाद तापून मऊ झालं, आता धार टिकणार नाही. उरलं एकच पातं. ते गेलं असतं तर मी नाद सोडला असता. मी सगळं अर्ध्यावर सोडते, हे लंडनच्या स्टॅनमोरमधल्या आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

शनिवारी आईची गाडी काढली, पातं वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलं (बॅगेत घालून गावभर फिरू नका, पोलीस विचारतात) आणि परवडेल असा ग्राइंडर बघायला निघाले.

आधी साउथहॅम्प्टन. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये जुना मोठा बेल्ट ग्राइंडर विकायला होता. काय मशीन! सँडपेपरचा रुंद पट्टा, सुरू केला की पायाखालची जमीन गुणगुणते. मी प्रेमातच पडले.

मालक हसला. "घरच्या प्लगवर नाही चालणार, लव्ह. थ्री-फेज लागेल."

शिवाय तेवढ्या पैशांत मी महिनाभर पोर्तुगाल फिरले असते, आणि तो बेत डोक्यात होताच. मग बंदरावर चिप्स खात एक भलंमोठं क्रूझ जहाज सुटताना बघितलं. कामाचं नव्हतं, पण हललेच नाही.

पुढे मोटरवे सोडून A36ने गेले. वेळ जास्त लागतो, पण सॉल्झबरीच्या कॅथीड्रलचा मनोरा दिसतो. वेल्सच्या पुलाला आता टोल नाही.

कार्डिफला सुनीतामावशी राहतात, आईची मैत्रीण. हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झाल्या आणि आता शेडमध्ये सुऱ्या करतात. त्यांचा पहिला, एक इंची पट्ट्याचा ग्राइंडर त्यांना विकायचा होता. शिलाई मशीनएवढा जीव त्याचा.

"एवढासा?"

"एवढ्याशावरच शिकले मी. हळू घासतो, म्हणून चूक वेळेत दिसते. लाव पातं."

मी जाड ग्लोव्हज चढवले.

"अगं, केक काढतेयस का ओव्हनमधून?"

"भाजेल ना, मावशी!"

"भाजू दे की थोडं. पातं तापलंय हे कळणार कसं? पोळी उलटताना घालतेस ग्लोव्हज? आणि ग्लोव्ह पट्ट्यात अडकला तर बोट घेऊन जाईल. चष्मा आणि मास्क घाल, बास."

पहिलं पातं निळं का पडलं, ते तिथे कळलं. मी त्याला जाड ग्लोव्हजमधून धरलं होतं!

उघड्या बोटांनी धरलं. घासायचं, चटका बसला की पाण्यात बुडवायचं. चर्र.

"मावशी, निळं नाही पडलं, अजून पांढरंच आहे!"

"बोलू नकोस. बुडव."

संध्याकाळी पातं चकचकीत होतं आणि माझी बोटं लाल. मावशींनी ग्राइंडर नव्याच्या निम्म्या किमतीत दिला, वर डबाभर पट्टे आणि जेवायला वरणफळं.

घरी येऊन मूठ चिकटवली, रात्रभर सुकू दिली. दुसऱ्या दिवशी आई ओट्याशी उभी राहिली. कोबीवर सुरी टेकवली आणि चिरत गेली. एक पाकळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"दाण्याचं कूट काढ," ती म्हणाली.

जेवताना म्हणाली, "आता सोलायला एक छोटी कर. घाई नाही. आहेस ना तू?"

लॅपटॉपवर पोर्तुगालची तिकिटं उघडी होती.

"आहे," मी म्हटलं, आणि अजून पचडी वाढून घेतली.