बारा गाठींची दहा मिनिटं

गणिताच्या मास्तरकडं किस्से कुठले असायचे, असं आमच्या साताऱ्याच्या मित्रांना वाटतं. अरे बाबांनो, पलूसला माझ्या वर्गात एक दिवस बसा! मी प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं गणिताचा इतिहास सांगतो. त्यानंतर जे होतं त्याला माझा इलाज नाही.

*

एकदा सांगितलं, शून्याचं चिन्ह नव्हतं तेव्हा लोक तिथं मोकळी जागा सोडायचे. पुढच्या चाचणीत आमच्या विक्यानं अर्धा पेपर कोरा दिला.

"सर, जुन्या पद्धतीनं लिवलाय."

मीही मार्कांची चौकट कोरी ठेवली. म्हटलं, "जुन्या पद्धतीनंच तपासलाय गड्या!"

*

मग औटकीचा दिवस. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून या म्हटलं, तर एका पोरीचे फौजी आजोबा स्वतःच हजर! वर्गापुढं सावधानमध्ये उभे राहून खणखणीत आवाजात सुरू झाले. औट नव्वे साडेएकतीसपर्यंत आले आणि अडकले.

आजोबांनी माझ्यापुढं हात धरला. छडी खायला!

*

सावलीवरून उंची मोजायची युक्ती फार जुनी. वर्ग घेऊन पाण्याच्या टाकीखाली गेलो आणि आभाळ आलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तिथं येऊन थडकल्या.

"सर, काय चाललंय?"

"उन्हाची वाट बघतोय, बाई."

बाई तापल्या. "पोर्शन मागं पडलाय. शनिवारी पालकसभा आहे. एक जरी तक्रार आली, तर तुमची ती दहा मिनिटं बंद!"

ती दहा मिनिटं गेली, तर माझ्या नोकरीत राहिलं काय?

*

शनिवारी सभेला पालकांबरोबर पोरंही होती. माझ्या वर्गातल्या सारिकाचे वडील उठले. मला धक्काच बसला. वडील काय करतात विचारलं, की ही पोरगी खाली बघून "शेती" म्हणायची. हे तर गवंडी! हाताला सिमेंट तसंच.

"सर, हजारो वर्सांपूर्वी मानसं गाठीच्या दोरीनं काटकोन काढायची, असं तुमी पोरांना सांगितलं?"

"व्हय," म्हटलं. संपलं आता!

त्यांनी खिशातनं दोरी काढली. टोकाला टोक बांधलेली, सारख्या अंतरावर बारा गाठी. "ही माज्या बापाची. जलम गेला आमचा हिच्यावर. पर हिला इतिहास हाय, हे कुनी सांगितलंच न्हवतं."

मग हॉलच्या कोपऱ्यात जाऊन बसले. "तीन, चार, पाच. तीन मानसं लागत्यात."

सारिका न बोलवता उठली. सगळ्या वर्गासमोर बापाशेजारी बसून तिनं एक गाठ धरली. काटकोनाची तिसरी गाठ लोंबत होती. मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि ती धरली.

दोरी ताणली, पण बाईंच्या हाताशी ती ढिलीच राहिली. गवंडी म्हणाले, "बाई, तुमचा कोपरा काटकोनात न्हाई!"

हॉल हसून लोटपोट. बाई मात्र गाठ सोडेनात. खाली बसूनच त्यांनी मला विचारलं,

"सर, एवढं सगळं दहा मिनिटांत उरकतं का हो?"