गुळाच्या भारोभार

मला तराजूत बसवलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मालगुजाराच्या अंगणात, आंब्याच्या फांदीला मोहफुलं तोलायचा मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात मी, गुडघे पोटाशी घेऊन. दुसऱ्या पारड्यात दिवाणजी वजनं टाकत होते. एक मण झाला. पारडं हललं नाही. अर्धा मण आणखी टाकला. तरी नाही. धान घेऊन आलेले गाडीवान जवळ आले, भांडी घासणाऱ्या बाया हात तसेच ओले ठेवून बघायला उभ्या राहिल्या. शेवटी दांडी सरळ झाली.

"पावणेदोन मण," दिवाणजी म्हणाले. "मेल्या ढोराचं बरंच अंगी लागलं दिसते हिच्या."

सगळे हसले. मी उतरले. गड्यानं लगेच राख आणि पाणी आणलं आणि मी बसले होते ते पारडं घासायला घेतलं. त्याच पारड्यात सारा चैत आम्ही वेचलेली मोहफुलं पडत होती. ती आमच्या हातची चालत होती.

मला कोणी ओढून बसवलं नव्हतं. हे सांगायला मला आजही जड जातं. मी माझ्या तोंडानं हो म्हटलं होतं. सुशीलासाठी.

सुशीला मालगुजाराची थोरली मुलगी. मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या गावात त्या घराचा दरारा गेला नव्हता. माझी माय त्यांच्या अंगणात झाडलोट करायची, धान पाखडायची. सुशीला आणि मी एकाच वयाच्या, एकाच अंगाच्या. चौथीपर्यंत एकाच शाळेत होतो. ती आत दाराशी बसायची, मी ओसरीवर दाराबाहेर. मधे उंबरा. मास्तर तिला "लाडवाची बरणी" म्हणायचे आणि पोरं हसायची. मग तीच पोरं बाहेर येऊन मला हसायची. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. मैत्री म्हणायची तर तिथून सुरू झाली.

पण एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. ती जाड म्हणजे खात्यापित्या घरची. मी जाड म्हणजे चोर. "एवढी माजली कशावर? कोणाचं खाते?" हे मी किती तोंडांतून ऐकलं असेल. मालकीणबाईंचं, म्हणजे सुशीलाच्या आईचं, तूप कमी झालं की आधी माझ्या दंडाकडे नजर जायची. घरात एक वेळची आंबील आणि मोहाची भाकर खाऊन माझं अंग असं का होतं, मलाही ठाऊक नव्हतं. आजीचं तसंच होतं म्हणतात.

सुशीलाचं दुःख खोटं नव्हतं. हे मी कबूल करते. दोन स्थळं तिला बघून परत गेली. एका मुलाच्या आत्यानं चारचौघांत तिचा दंड चिमटीत धरून पाहिला होता, बाजारात बकरी पाहतात तसा. त्या दिवशी मोहाच्या झाडाखाली ती येऊन रडली. मी फुलं वेचत होते. ती माझ्यापासून दोन हातांवर बसली. तेवढं अंतर तिनं रडतानाही राखलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

लहानपणी ती देवीच्या, म्हणजे मातेच्या, आजारातून वाचली तेव्हा तिच्या आईनं नवस बोलला होता. लग्नाआधी पोरीची तुला करून तिच्या भारोभार गूळ देवीला द्यायचा, मग तो गावाला वाटायचा. नवस राहिला म्हणून लग्न अडलं, असं आता घरात ठरलं. गूळ चांद्याहून बैलगाडीनं, वैनगंगा उतरून आणायचा. किती आणायचा ते आधी कळायला हवं. म्हणजे सुशीलाला दोनदा तराजूत बसावं लागणार. एकदा मापासाठी, एकदा देवीसमोर.

"मले दोनदा हसतील वो," ती म्हणाली. "तू बस ना मापाले. तू अन् मी सारख्याच. आपलं दुःख एकच हाय." मग डोळे पुसून म्हणाली, "तुलेचा गूळ मी सोता देईन तुले. माह्या हातानं."

माझ्या मनात काय झालं ते सांगता येत नाही. त्या घरातल्या कोणी आजवर माझ्या हातात काही दिलं नव्हतं. मी तराजूत बसले ती त्या एका शब्दावर.

तुलेच्या दिवशी सारा गाव देवळापाशी होता. आमचा महारवाडा चिंचेच्या पलीकडे, नेहमीच्या जागी उभा होता. सुशीला हिरव्या पातळात पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा रचल्या. दांडी पहिल्याच फेरीत सरळ झाली. बायांनी देवीच्या नावाचा गजर केला, मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कोणी हसलं नाही. हसायचं ते माझ्यावर आधीच हसून झालं होतं.

मग वाटप. गावाला पानावर गूळ मिळाला. आमच्याकडे मालकीणबाई टोपली घेऊन आल्या, मागे सुशीला. बायांनी पदर पसरले. मालकीणबाई हात उंच धरून खडे टाकत होत्या. माझ्या मायच्या पदरात पडला. माझी पाळी आली. मी पदर पसरला नाही. हात पुढे केला, सुशीलाकडे बघून.

"पदर पसर," मालकीणबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "सुशीलाबाई हातात देईन म्हणाल्या होत्या."

सुशीलानं टोपलीतून एक खडा उचलला. हात पुढे आला. अर्ध्यावर आला. मग तिनं आईकडे पाहिलं. माझ्या तळव्याच्या वीतभर वर तिचा हात थांबला, आणि तिनं बोटं सोडली.

मी तळहात मागे घेतला. गूळ मातीत पडला.

"माझ्याच वजनाचा गूळ हाय हा," मी म्हटलं. "माझं वजन चालते. माझा हात काऊन चालत नाई?"

मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला. तिथंच, सगळ्यांसमोर. तिला दुसऱ्या दिवसाचं काम दिसत होतं, आणि तिचं बरोबर होतं. ते काम गेलंच. त्या पावसाळ्यात आम्ही जंगलातले कंद उकडून खाल्ले. माय महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. सुशीलाचं लग्न वैशाखात झालं. जाताना ती मला भेटली नाही.

मी पुष्कळ विचार केला. आमच्या वस्तीतही मला जाडी म्हणतात. म्हणू देत. दुखतं, मी उलट शिव्या देते, आणि संध्याकाळी त्यांच्याच ताटात जेवते. सुशीलालाही हसत होते, पण हसणाऱ्यांच्या घरी तिला पाटावर बसवून जेवू घालत होते. तिच्या अंगाला लोक हसले. माझ्या अंगाला हसले आणि नंतर ते अंग जिथं टेकलं ती जागा राखेनं घासली. ही दोन दुःखं शेजारी बसतील. एक होणार नाहीत. ती माझ्यापासून दोन हातांवर बसून रडली, तेव्हाच मी ते अंतर बघायला हवं होतं.

तिची मला अजून कीव येते. राग त्याहून जास्त येतो. आई उभी होती, गाव उभा होता, मला माहीत आहे. पण बोटं तिची होती.

त्या दिवसापासून मी पदर पसरला नाही. देवळात नाही, दुकानात नाही, सरकारी दारात नाही. पाणी वरून ओतलं तर तहानलेलीच परत फिरते. वरून पडलेलं मी घेत नाही. हातात द्या, नाही तर राहू द्या.