रुमालाखालचा हात

बाईंचा उजवा तळहात वर झाला की समजायचं, मी पुन्हा मध्ये बोललो. "बाबा, थांबा." पोरीला नाही हो, मला.

आमची मुक्ता उशिरा झालेली. साडेतीन वर्षांची झाली तरी नुसतं बोट दाखवायची, हात धरून ओढायची. शब्द एक नाही. कान डॉक्टरांनी तपासले, ठीक होते. पण जूनमध्ये शाळा. वर्गात तहान लागली तर ही सांगणार कशी, या विचाराने माझी झोप गेली होती. म्हणून दर आठवड्याला घोडेगावहून नगरला, या स्पीच थेरपीच्या बाईंकडे.

पहिल्या दिवशी सतरंजीवर मांडी घालून बाईंनी मुक्ताला विचारलं, "नाव काय तुझं?"

"मुक्ता!" मी म्हणालो.

"काय आवडतं तुला?"

"म्हशीचं रेडकू!" तेही मीच.

तळहात वर. "बाबा, थांबा. तुमचं बोलणं अगदी स्वच्छ आहे. तुम्हाला उपचारांची गरज नाही."

बायकोला तेवढंच हवं होतं. "आवो, तुमी दम खाल तवा बोलंल ना ती!"

आता तुम्हीच सांगा, मी म्हशींचा दलाल. गिऱ्हाइकाने म्हशीकडे नुसतं पाहिलं तरी मी तिच्या आजीच्या दुधापर्यंत पोचतो. घरात पोरीने मान वळवली की पाणी हजर. तिने मागायचं कशाला?

बाईंची रीत उलटी. साबणाच्या फुग्यांची बाटली झाकण घट्ट लावून मुक्ताच्या हातात द्यायच्या आणि भुवया उंचावून गप्प बसायच्या. ती झाकणाशी झटायची, घाम मला फुटायचा. शेवटी झडप घालून झाकण मीच उघडायचो.

एकदा त्यांनी विचारलं, "बाजारात कधीच गप्प नसता?"

"असतो की. भाव ठरवताना. रुमालाखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबायची, तोच आकडा. तोंडातून चकार शब्द न्हाई."

"मग इथंही रुमाल आणा."

पुढच्या खेपेपासून मी दोन्ही हात रुमालाखाली घेऊन भिंतीशी बसू लागलो. शब्द ओठांवर आला की आपलीच बोटं दाबायची. एकदा तसाच बाहेर आलो तर तिथे बसलेल्या एका आजींनी हळहळून विचारलं, "हाताला काय झालं, दादा?"

"तोंडाला झालंय," मी म्हणालो.

घरीही तेच. एका सकाळी मुक्ताने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणून माझ्यापुढे आदळला. मी रुमाल ओढला. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. आतून माझी आई ओरडली, "आरं दे की लेकराला! दगडाचा हायस का?" मी बोटं आवळली.

"काढ," मुक्ता म्हणाली.

डबा उघडायचा सोडून मी रडत बसलो. ती वैतागली. "काढ!"

जूनमध्ये शाळेत तिने स्वतः पाणी मागितलं.

पुढे बाईंनी लांबच्या शहरात नोकरी धरली. निरोपाला गेलो तेव्हा आभाराचं भाषण मी गाडीवर घोकत आलो होतो. बाई खेळणी खोक्यात भरत होत्या. फुग्यांची बाटली हातात घेऊन त्यांनी मुक्ताला विचारलं, "मी जाऊ का आता?" आणि सवयीने भुवया उंचावून थांबल्या.

रुमालाखाली मी बोटं दाबली.

"नको," मुक्ता म्हणाली. "बस इथं."

बाईंनी तोंड उघडलं, पण शब्द येईना. ती बाटली धरून त्या तशाच बसल्या. सावरून घ्यायला बायको काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझाच तळहात वर झाला.

आम्ही वाट बघत बसलो.